संगणक विकत घेतला, पण ताबा कुणाकडे?

पेचकस

तालुक्याच्या गावी माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला, तेव्हापासून गिऱ्हाईक दारात आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "आमचा पीसी आता बाद झाला का हो?" त्यांना उत्तरं देताना मनात बरंच साठलंय, ते इथे मांडतो. जरा लांबलंय.

आधी त्या 'बाद' पीसीबद्दल. सहाव्या-सातव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, मागाहून बसवलेली एसएसडी. टॅली पळते, मराठी टायपिंग होतं, पोरांचा अभ्यास होतो. बिघाड काहीच नाही. पण विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं, सिक्युअर बूट (चालू होताना फक्त सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू करू देणारी सोय) लागतं, आणि इंटेलचा असेल तर प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. टीपीएम म्हणजे डिस्कच्या आणि पासवर्डच्या किल्ल्या जपणारी चिप. ती असलेली चांगलीच, माझा तिला विरोध नाही. माझं दुखणं वेगळं आहे. धडधाकट यंत्र कोणत्या तारखेला म्हातारं ठरवायचं हा निर्णय ना मालकाचा, ना माझ्यासारख्या मेकॅनिकचा. तो दूर कुठेतरी होतो आणि आमच्या स्क्रीनवर नोटीस येते.

आता नवीन घेतलेल्याचं बघा. विंडोज ११ होम पहिल्यांदा चालू करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं. खात्याशिवाय पुढे जायच्या ज्या पळवाटा आम्हा दुकानदारांना पाठ होत्या, त्या २०२५मध्ये चाचणी आवृत्त्यांतून एकेक करून काढायला सुरुवात झाली. म्हणजे स्वतःच्या पैशाने घेतलेलं यंत्र स्वतःच्या टेबलावर सुरू करायला परक्या कंपनीकडे नाव नोंदवायचं.

त्याहून मोठी गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते. विंडोज ११ची २४एच२ आवृत्ती नव्याने टाकून खात्याने साइन-इन केलं की बऱ्याच यंत्रांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडायचा आकडा, त्या खात्यात जाऊन बसते. चोरी झाली तर हे फार कामाचं. पण आमच्याकडे खातं कुणी उघडलेलं असतं? दुकानातल्या पोराने, नाहीतर पुण्याला असलेल्या भाच्याने. ईमेल कोणता दिला ते आठवत नाही, तो मोबाइल नंबर बंद पडलाय. मग मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये) काही हललं की निळ्या पडद्यावर ४८ आकडी की मागितली जाते. ती नसेल तर आत जायला वाट नाही. लग्नाचे फोटो, शेताचे कागद, सगळं आतच. अशा वेळी समोर बसलेल्या माणसाला काय सांगायचं? डेटा त्याचा, डिस्क त्याची, आणि तरी मी हात जोडून बसलेला.

१९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने विंडोजची सुमारे ८५ लाख यंत्रं आडवी झाली, तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांचे आयटीवाले याच किल्ल्या शोधत फिरत होते. त्यांच्याकडे निदान यादी होती. आमच्या गिऱ्हाइकाकडे ती कुठून असणार?

माझं म्हणणं इतकंच आहे: कुणाला न विचारता चालू करता येतं, उघडता येतं, दुरुस्त करता येतं, तेच आपलं. संगणकाच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी हातातून चालल्या आहेत. तुमचे अनुभव लिहा, आणि उपाय असतील तर तेही.

---

खिळेजुळारी

पेचकस, धाग्याबद्दल आभार. आमच्या छपाईच्या धंद्यात हे बारा-तेरा वर्षांपूर्वीच घडून गेलंय.

अडोबेचा क्रिएटिव्ह सूट ६ हा २०१२चा. एकदा पैसे भरून कायमचा घेता येणारा तो शेवटचा संच. मे २०१३मध्ये त्यांनी जाहीर केलं की यापुढे फक्त वर्गणी. डीटीपीवाल्याला दरवर्षी नवी आवृत्ती लागत नाही. पानं लावायच्या पेजमेकरवर आणि मराठी अक्षरांच्या श्रीलिपीवर अख्खे दिवाळी अंक निघाले, पंचांगं निघाली, हजारो लग्नपत्रिका निघाल्या. श्रीलिपीला संगणकाच्या मागे डोंगल (परवान्याची छोटी किल्ली) लावावा लागायचा, तो हरवला की रडकुंडीला यायचो हे खरं. पण तो डोंगल माझ्या खणात असायचा. इंटरनेट असो-नसो, छापखाना चालायचा.

वर्गणीत गोम कुठे आहे ते सांगतो. वर्गणी थांबली की फायली डिस्कवर राहतात, पण त्या उघडणारा प्रोग्रॅम बंद होतो. पुस्तकांची कामं चार-पाच वर्षांनी पुन्हा येतात, दुसऱ्या आवृत्तीसाठी. तेव्हा मूळ फाइल उघडायला पुन्हा पैसे भरा, आणि नव्या प्रोग्रॅममध्ये जुनी मांडणी जशीच्या तशी येईल ही आशा करा. जानेवारी २०२३पासून अडोबेच्या प्रोग्रॅमांत टाइप १ या जुन्या पद्धतीचे फाँटही चालेनासे झाले. ज्यांच्या जुन्या फायली त्या फाँटात होत्या त्यांना प्रत्येक पान पुन्हा लावणं आलं. वर्गणीदाराला जुन्या आवृत्तीवर हवं तितकी वर्षं थांबून राहायची सोय नसते, म्हणून असा बदल थेट अंगावर येतो.

आणि बाहेर पडणंही सरळ नाही. 'वार्षिक करार, मासिक हप्ता' या योजनेतून मध्येच निघाल्यास उरलेल्या रकमेचा मोठा हिस्सा दंड म्हणून पडतो. हा दंड लपवून ठेवला आणि वर्गणी रद्द करणं मुद्दाम किचकट केलं, असा आरोप ठेवून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या शिफारशीवरून तिथल्या न्याय विभागाने जून २०२४मध्ये अडोबेवर दावा लावला.

माझ्याकडे एक एक्सपीचा जुना डबा अजून आहे. त्याला इंटरनेट लावत नाही. जुन्या पुस्तकांसाठी तोच उपयोगी पडतो. तो गेला की काय, याची खरंच धास्ती वाटते.

---

हिशेबनीस

दुसरी बाजू मांडतो, राग नसावा.

मी हिशेबाची कामं करतो, छोट्या दुकानदारांची. वर्गणी येण्याआधी यांच्यापैकी किती जणांकडे पैसे भरून घेतलेलं सॉफ्टवेअर होतं? दुकानदार फॉरमॅट मारताना सगळं क्रॅक करून टाकून द्यायचा आणि त्या क्रॅकबरोबर व्हायरस यायचे. एकरकमी मोठी रक्कम परवडत नव्हती, आज महिन्याला थोडे थोडे भरून तोच माणूस कायदेशीर झाला. सुरक्षेचे अपडेट वेळेवर मिळतात. नवा धंदा टाकणाऱ्याला सुरुवातीलाच भांडवल अडकवावं लागत नाही. मेल, सामायिक फायली, ऑनलाइन साठवण यांचा कंपनीला रोज खर्च येतो. तिथे वर्गणी असणं मला रास्त वाटतं.

पण एक नमुना आपल्या घरचाच आहे. टॅलीचा कायमचा परवाना घेतला की टीएसएस (अपडेटची वर्गणी) संपलं तरी हातातली आवृत्ती चालत राहते. नव्या आवृत्त्या आणि जोडीच्या ऑनलाइन सेवा थांबतात, इतकंच. ज्याला फक्त भाड्याने हवं त्याला तीही सोय आहे. गिऱ्हाइकाने आपली आपण निवड करायची. असं सगळीकडे का नसावं?

---

पेचकस

हिशेबनीस साहेब, पटलं. भाड्याला माझा विरोध नाहीच. भाड्याचं दार उघडताना विकतचं दार बुजवलं जातंय, त्याला आहे. मायक्रोसॉफ्टचं ऑफिस २०२४ एकरकमी मिळतं अजून, पण ते आहे हे सांगणारा दुकानदार विरळा. ऑक्टोबर २०२५मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं ते अशाच कारणावरून: मायक्रोसॉफ्ट ३६५ या वर्गणीच्या ऑफिसमध्ये कोपायलट हा एआय मदतनीस घालून दर वाढवले, आणि कोपायलट नसलेली जुन्या दराची 'क्लासिक' योजना शिल्लक आहे हे सुमारे २७ लाख ग्राहकांना नीट सांगितलं नाही, असं आयोगाचं म्हणणं. पर्याय कागदावर असून भागत नाही, तो डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

---

काळा कोट

कायद्याच्या अंगाने थोडं लिहितो. हा सल्ला नव्हे, माहिती आहे.

टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्ये म्हटलं की सीडीवर घालून बाजारात विकलं जाणारं तयार सॉफ्टवेअर हा 'माल' आहे. प्रश्न विक्रीकराचा होता. पुढे २ मार्च २०२१ला इंजिनिअरिंग अॅनालिसिस सेंटरच्या प्रकरणात, आयकराच्या संदर्भात, न्यायालयाने पुन्हा सांगितलं की असं सॉफ्टवेअर घेणाऱ्याने दिलेले पैसे म्हणजे कॉपीराइट वापरण्याची रॉयल्टी नव्हे. दोन्ही निकाल कराचे आहेत, त्यावरून ग्राहकाला सगळे हक्क मिळाले असं कुणी समजू नये. तरी कंपनीच्या करारनाम्यातला प्रत्येक शब्द अंतिम असतो हा समज त्यातून सैल होतो.

कॉपीराइट कायदा, १९५७चं कलम ५२ जरूर वाचा. कायदेशीररीत्या प्रत बाळगणाऱ्याला खबरदारीची बॅकअप प्रत करायची मुभा त्यात आहे. एक प्रोग्रॅम दुसऱ्याशी जुळवण्यासाठी लागणारी माहिती मिळवायची मुभाही आहे. २०१२च्या दुरुस्तीने कलम ६५-अ आलं, म्हणजे डिजिटल कुलूप तोडणं गुन्हा झाला. पण कायद्याने मना न केलेल्या हेतूसाठी ते कलम आड येत नाही. आपल्या संसदेने ही खिडकी उघडी ठेवली, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

वर्गणीबद्दल: केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ला 'डार्क पॅटर्न'विरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार मोजलेत. वर्गणीत अडकवून ठेवणं हा त्यातला एक, आणि सॉफ्टवेअर सेवेचे पैसे गुपचूप कापत राहणं हा दुसरा. वर्गणी रद्द करायचं बटण सापडत नसेल तर स्क्रीनशॉट काढा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. लोक तक्रारच करत नाहीत, ही खरी अडचण आहे.

दुरुस्तीच्या हक्काचं म्हणाल तर केंद्राने जुलै २०२२मध्ये समिती नेमली, नंतर पोर्टल आलं. वस्तू दुरुस्तीला किती सोपी आहे याचा निर्देशांक ठरवणाऱ्या समितीने मे २०२५मध्ये अहवाल दिला. त्याची सुरुवात मोबाइल आणि टॅबलेटपासून आहे. लॅपटॉप त्यात लवकर यावा म्हणून ग्राहक संघटनांनी रेटा लावायला हवा.

---

सौराष्ट्रवासी

जामनगरकडे नोकरीला आहे, तेलाच्याच क्षेत्रात, पण ज्या कंपनीबद्दल लिहितोय तिथे नाही.

इथे सगळे घरच्या पीसीबद्दल बोलतायत. जुलै २०२५मध्ये वाडीनारच्या नायरा एनर्जीचं काय झालं ते आठवा. रशियाच्या रोसनेफ्ट या तेल कंपनीचा तिच्यात ४९ टक्क्यांहून थोडा जास्त हिस्सा. युरोपीय संघाने १८ जुलैला निर्बंध लावले आणि काही दिवसांत मायक्रोसॉफ्टने तिच्या मेल आणि इतर सेवा थांबवल्या. कंपनी भारतात नोंदलेली, रिफायनरी गुजरातेत, परवान्याचे पैसे भरलेले. भारताच्या कायद्याने कसलीही बंदी नाही. दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं, मग महिनाअखेरीला सेवा परत आल्या.

देशातल्या मोठ्या रिफायनऱ्यांपैकी एकीची ही गत. ती वकील उभा करू शकली. तालुक्याच्या पतसंस्थेवर अशी वेळ आली तर ती कुणाकडे जाणार? तेव्हापासून आमच्या विभागात मेलची रोजची प्रत स्थानिक सर्व्हरवर ठेवायची, असा आग्रह मी धरलाय.

---

राईनकाठ

जर्मनीतून लिहितेय. इथल्या दोन गोष्टी सांगते.

विंडोज १०च्या आणखी एक वर्षाच्या सुरक्षा अपडेटसाठी, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत, मायक्रोसॉफ्टने तीन वाटा ठेवल्या होत्या: ३० डॉलर भरा, १००० रिवॉर्ड पॉइंट द्या, किंवा सेटिंगचा बॅकअप त्यांच्या क्लाउडवर चढवा. ग्राहक संघटनांनी इथे आवाज उठवला आणि युरोपीय आर्थिक क्षेत्रात ते अपडेट त्या अटींशिवाय फुकट करावे लागले. खातं मात्र इथेही लागतंच. तोच संगणक, तेच अपडेट. संघटना भांडल्या म्हणून आम्हाला मिळालं, आणि सांगलीत माझ्या बाबांना त्या तीन वाटांपैकी एक निवडावी लागली.

दुसरं म्हणजे उत्तरेकडचं श्लेस्विग-होल्स्टाइन राज्य. त्यांनी २०२४मध्ये जाहीर केलं की सरकारी कामाचे सुमारे ३०,००० संगणक मायक्रोसॉफ्ट ऑफिसवरून लिब्रेऑफिस या फुकट, मुक्त संचावर न्यायचे. पैसे वाचवणं हे एक कारण, पण त्यांनी पुढे ठेवलेला मुद्दा होता की नागरिकांची माहिती कुठे जाते यावर राज्याचा ताबा हवा.

---

फळा-खडू

राईनकाठताई, जर्मनीला कशाला जायचं, केरळ आहे की! तिथल्या सरकारी शाळांत काइट ही संस्था गेली कित्येक वर्षं विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त प्रणाली वापरतेय, मल्याळम टायपिंगसकट. शिक्षकांना प्रशिक्षण देऊन.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. माजी विद्यार्थ्यांनी दिलेले जुने पीसी विंडोज ११ घेत नव्हते. गावातल्या एका मुलाच्या मदतीने त्यांवर लिनक्स मिंट टाकलं. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड लगेच चालू झालं. यूडायससारखी (शाळेची माहिती भरायची) कामं ब्राउझरमध्येच असतात, ती अडली नाहीत. मुलांना तर काही फरकच जाणवला नाही, दोन तासिकांत चित्रं काढायला लागली.

अडचणीही सांगायला हव्यात. डिजिटल सहीचा डोंगल काही पोर्टलांवर लिनक्समधून चाललाच नाही, त्यासाठी कार्यालयातला विंडोजवाला पीसी ठेवावा लागला. जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर मिळाला नाही. नागरिकाचं काम एकाच कंपनीच्या प्रणालीवर होईल अशी पोर्टलं सरकारनेच बांधली, तर मग ताबा सोडला कुणी?

---

मुक्तस्रोत

फळा-खडू सर, मनापासून अभिनंदन. ड्रायव्हरचं दुखणं जुनंच आहे. १९८०च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की वापरणाऱ्यांना संदेश जावा अशी सुधारणा रिचर्ड स्टॉलमनला करायची होती, पण प्रिंटरच्या प्रोग्रॅमचा सोर्स कोड (मूळ मजकूर) मिळेना. १९८३मध्ये त्याने जीएनयू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला, त्यामागे ही ठिणगी होती असं तो स्वतः सांगत आलाय.

आणि प्रिंटरचं आज काय चाललंय बघा. एचपीच्या अनेक प्रिंटरांत 'डायनॅमिक सिक्युरिटी' असते. दुसऱ्या कंपनीची चिप असलेलं काडतूस कालपर्यंत चालत असतं, प्रिंटरच्या आतल्या प्रोग्रॅमचं (फर्मवेअर) अपडेट येतं आणि आज ते नाकारलं जातं. फेब्रुवारी २०२४मध्ये त्यांनी अमेरिकेत महिन्याच्या भाड्याने प्रिंटर द्यायलाही सुरुवात केली.

प्रोसेसरही यातून सुटलेला नाही. २०१०मध्ये इंटेलने पेंटियम जी६९५१ विकला. चिपमध्ये वेग वाढवणारी हायपर-थ्रेडिंग आणि जास्तीची कॅशे आधीपासून होती, पण बंद करून ठेवलेली. ५० डॉलरचं कार्ड घ्या, आकडे टाका, मग ती उघडणार. लोक इतके संतापले की योजना गुंडाळली गेली. पुढे सर्व्हरच्या झिऑन चिपांसाठी 'इंटेल ऑन डिमांड' नावाने तीच कल्पना परत आली.

लिनक्स टाकला म्हणजे सुटलो, असंही नाही. सिक्युअर बूट चालू असेल तर बहुतेक लिनक्सचा बूटलोडर (प्रणाली सुरू करून देणारा प्रोग्रॅम) मायक्रोसॉफ्टने सही केलेला असतो, कारण मदरबोर्डवाले कारखान्यातून त्यांचीच प्रमाणपत्रं भरून पाठवतात. २०११ची ती प्रमाणपत्रं २०२६मध्ये संपतात. बायोसचे अपडेट देणं ज्या कंपन्यांनी सोडून दिलंय त्यांच्या यंत्रांचं काय, हा प्रश्न आहे. बायोसमध्ये स्वतःची किल्ली भरायची सोय असते बऱ्याच वेळा. ती सोय टिकली पाहिजे. माझ्या मते सगळ्या लढ्याचं मर्म तिथे आहे, कारण सुरक्षाही हवी आणि किल्लीही मालकाकडे हवी, हे दोन्ही एकत्र होऊ शकतं.

---

ग्रँटरोड_पूर्व

लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग विकतो. रॅमच्या भावाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितोय.

एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी हवी, म्हणून कारखाने त्यांच्याकडे वळले. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने जाहीर केलं की क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा धंदा बंद. पेचकसदादांच्या गिऱ्हाइकाने त्या जुन्या पीसीत टाकलेली रॅम किंवा एसएसडी कदाचित क्रुशियलचीच असेल, इतका तो ब्रँड गल्लीबोळात पोचलेला होता. असेंबल्ड पीसी बांधायला येणारा कॉलेजचा मुलगा आता भाव ऐकून परत जातो.

त्याच वेळी दुसऱ्या बाजूने काय येतंय? जुलै २०२५मध्ये जिओपीसी आला. सेट-टॉप बॉक्सला कीबोर्ड-माउस लावा, टीव्ही हाच पडदा, आणि संगणक क्लाउडवर, महिन्याच्या पैशावर. ज्या घरात कधी संगणक येणारच नव्हता तिथे यातून शिकणारं पोर असेल तर मला आनंदच आहे. पण ज्याला सुटे भाग घेऊन स्वतःचं यंत्र बांधता येत होतं त्याचा रस्ता महाग होत जावा आणि भाड्याचा रस्ता तेवढा सोपा होत जावा, हे मला भिववतं. स्क्रू उघडून आत बघत बघतच आमची पिढी शिकली. क्लाउडवरच्या संगणकाचा स्क्रू कुठून उघडणार?

---

अंगणवेल

सगळे प्रतिसाद वाचले. मला तांत्रिक फार कळत नाही. मुलगी अभियांत्रिकीला जाणार आहे, लॅपटॉप घ्यायचाय. चार वर्षं टिकावा आणि अधेमधे कुणापुढे हात पसरावे लागू नयेत. काय बघून घेऊ?

---

पेचकस

ताई, रंग आणि जाडी सोडून आधी तळाची बाजू बघा. साधे स्क्रू आहेत का, आणि उघडल्यावर रॅमचा निदान एक स्लॉट मोकळा आहे का, हे दुकानात विचारा. सगळी रॅम बोर्डवर सोल्डर केलेली असेल तर पुढे वाढवता येणार नाही. मग पहिल्यापासून १६ जीबीच घ्यावी लागेल. एसएसडी एम.२ची, काढता येणारी असावी. मॅक घ्यायचा विचार असेल तर एम१पासून पुढच्या मॅकबुकमध्ये रॅम आणि साठवण दोन्ही वाढवता येत नाहीत, हे धरून हिशेब करा.

काही मॉडेलं विंडोजशिवाय, फ्रीडॉस (फुकटची साधी प्रणाली) किंवा लिनक्ससह मिळतात. विंडोज लागणारच असेल तर खातं मुलीच्या स्वतःच्या ईमेलवर आणि चालू नंबरवर उघडा, दुकानदाराच्या नको. पहिल्याच दिवशी रिकव्हरी की कागदावर छापून बिलाबरोबर फाइलला लावा. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंटचे फोल्डर आपोआप वनड्राइव्हवर जातात का ते तपासा. फुकटची जागा ५ जीबीच असते, ती भरली की पैसे मागायला लागतं. बाहेरची एक हार्ड डिस्क घ्या, आठवड्याला त्यावर प्रत.

ऑफिसची गरज कॉलेजवर सोडा. बऱ्याच कॉलेजांत विद्यार्थ्यांना मिळतं. नाही मिळालं तर लिब्रेऑफिसने पहिली दोन वर्षं आरामात निघतील.

बजेट आणि मनात असलेली दोन-तीन मॉडेलं इथे टाका. त्यांचे सर्व्हिस मॅन्युअल उघडून बघतो आणि रॅमचं नक्की सांगतो. ग्रँटरोड_पूर्व, तुम्हीही आजचा भाव टाका म्हणजे ताईंना आत्ताच १६ जीबी घ्यावी की नंतर वाढवावी हे ठरवता येईल.